दुपारी बारा ते तीन : निरंक

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढेही कधी मोठ्यानं म्हटलेलं नाही — देवाला ठाऊक असेल म्हणून नाही हो, मोठ्यानं म्हटलं तर माझं मलाच ऐकू येईल म्हणून. आता तुम्ही समोर आहात असं धरून चालते. मध्येच उठून गेलात तरी चालेल.

तुम्ही म्हणाल, एका निवृत्त मास्तरणीनं असं काय मोठं केलं असेल? बरोबर आहे. मी आयुष्यात शाळेतला खडूसुद्धा घरी आणला नाही. मुलांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरून उभं केलं. उभं केलं ना — आणि मग हे.

धुळ्याला देवपुरात आमचं घर, पांझरेच्या काठालगत. पलीकडे शहर, बाजार. नदीवर दोन पूल. एक मोठा, लांबचा, सगळ्या गाड्यांचा. दुसरा लहान, जुना, अरुंद, कठडे मांडीपर्यंत. त्या लहान पुलाच्या तोंडाशीच आमच्या माडीची खिडकी उघडायची.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. गावात रिक्षा आणि टेम्पो नुसते उतू चालले होते. निम्म्यांत रॉकेल घातलेलं. संध्याकाळी नदीच्या खोलगट भागात धूर साचायचा, निळसर, जागचा हलायचा नाही. वाळत घातलेलं पांढरं धोतर काढायला जावं तर त्यावर काजळी. देवपुरातली म्हातारी माणसं पूल ओलांडताना तोंडावर उपरणं धरायची. तेव्हा गावातल्या काही चांगल्या माणसांनी एक समिती बसवली — दोन डॉक्टर, एक वकील, आणि आमचे नाना, पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले इंजिनीयर. ठरलं असं, की लहान पूल फक्त सायकलींना आणि पायी चालणाऱ्यांना द्यायचा. गाड्यांनी मोठ्या पुलाने जायचं. लोक सायकलीवर यायला लागतील, धूर कमी होईल. किती साधी गोष्ट! पण बाजारातले व्यापारी अडून बसले. माल काय डोक्यावरून न्यायचा का? मग तडजोड निघाली. एक महिनाभर करून बघायचं. सकाळ-संध्याकाळ पूल सायकलींचा. दुपारी बारा ते तीन मात्र टेम्पो-ट्रॅक्टर जातील, सायकलवाल्यांनी तेवढ्या वेळात मोठ्या पुलाचा वळसा घ्यावा. बंदी नव्हती. पाटीवर 'विनंती' असंच लिहिलं होतं. आणि महिनाअखेरीला बघायचं — दुपारीसुद्धा त्या पुलावरून सायकली जातात असं कागदावर दिसलं, तर दुपारही सायकलींना मिळणार.

कागदावर दिसलं तर. आणि कागद माझ्याकडे.

मोजायचं काम निघालं की गावाला मास्तर आठवतात. माणसं मोजा, मतदार मोजा, गुरं मोजा. त्यातून उन्हाळ्याची सुट्टी. पण खरं सांगते, या वेळी मी स्वतःहून हात वर केला होता. मला ती कल्पना आवडली होती. वर्गात मी मुलांना धुरावर निबंध लिहायला लावला होता. घर पुलाशीच, म्हणून नाना म्हणाले, "बाई, तुमच्यासारखं माणूस दुसरं मिळायचं नाही." मला केवढी गुदगुली झाली. कडुनिंबाखाली एक लाकडी टेबल, एक लोखंडी खुर्ची. खुर्ची झाडाला साखळीनं बांधलेली, चोरीला जाऊ नये म्हणून. वहीत रकाने आखलेले. सायकल गेली की रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी.

दुपारच्या रकान्याला मात्र एक जादा अट होती. व्यापारी म्हणाले, बाई घरात बसून रेघा ओढतील. म्हणून दुपारी जो सायकलवाला जाईल त्याची वहीत सही घ्यायची. सहीशिवाय रेघ नाही. मला त्या अटीचा राग आला होता. माझ्यावर अविश्वास? माझ्यावर?

खानदेशातली वैशाखातली दुपार तुम्ही पाहिली असेल तर मी काय सांगू, आणि पाहिली नसेल तर सांगून उपयोग नाही. साडेबाराला गाव मेल्यासारखं होतं. कुत्री गटारात बसतात. पुलाचं टोक दिसत नाही — हवा हलते, पलीकडून येणाऱ्या टेम्पोची चाकं आधी गायब असतात, नुसतं वरचं धूड तरंगत येतं. माझी सासू म्हणायची, बारा वाजता झाडाखाली बसू नये, त्या घटकेला वाट आपली नसते. मी हसायचे तिला. शिकलेली ना मी.

पहिल्याच दिवशी, साडेबाराला, देवपुराकडून एक सायकल आली. सुकलाल नाव त्याचं. सकाळी एका खाणावळीतली मोठी पातेली घासायचा, घरी जाऊन दोन घास खायचा आणि एकपासून बाजारात एका भांड्यांच्या दुकानात पोचे काढायला बसायचा. चाळिशीचा असेल. हाताची बोटं काळी पडलेली. माझ्यासमोर थांबला, घंटी दोनदा वाजवली — मी समोरच बसले होते तरी वाजवली — आणि विचारलं, "बाई, आठे लिखतस का?" इथे लिहितात का. मी म्हटलं हो. सही करा. त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली आणि एकेक अक्षर दाबून नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी आला. तो एकटाच. बाकी सगळे मुकाट्यानं मोठ्या पुलानं जात होते. तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, या वेळी टेम्पो सुसाट असतात, तुम्हाला भीती वाटत नाही? तो म्हणाला, "घरमा मोठा पूल सांगेल शे, बाई. पण आठली रेघ कोण मारी?" म्हणजे बायको घाबरते म्हणून घरी त्यानं सांगून ठेवलं होतं की मी मोठ्या पुलानंच जातो. आणि येत होता इथून. कशाला? रेघ पडावी म्हणून. दुपारचा पूल सायकलींना मिळावा म्हणून. त्याच्या पोरीला दम्याची धाप होती, तेही त्यानं सांगितलं. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "तुम्ही येत राहा, सुकलालभाऊ. एक माणूस दिसला तरी पुरे आहे."

येत राहा. हे मी म्हटलं. हे शब्द माझे आहेत.

चौथ्या दिवशी आमच्याकडे कूलर आला.

हसू नका. किंवा हसा, मला चालेल. वाळ्याच्या ताट्यांचा मोठा पत्र्याचा कूलर, नवऱ्यानं हौसेनं आणलेला. त्याच्यासमोर पाच मिनिटं म्हणून बसले आणि डोळा लागला. उठले तेव्हा अडीच. धडपडत खिडकीशी गेले. खाली खुर्ची रिकामी, वही माझ्याजवळ. मनात म्हटलं, एक दिवस काय होतंय. पाचव्या दिवशीही तेच म्हटलं. ऊन होतं म्हणू का मी? ऊन होतंच. पण सुकलाललाही तेच ऊन होतं. मला झोप हवी होती, गार वारा हवा होता, कापलेलं कलिंगड हवं होतं. एवढंच आहे ते. याच्या खाली आणखी काही नाही, मी खूप शोधून पाहिलंय.

टेम्पोंच्या रेघा मी अंदाजानं ओढल्या. सायकलीची मात्र सही लागणार. सही कुठून आणू? म्हणून दुपारच्या सायकलींच्या रकान्यात मी लिहिलं — निरंक. शाळेच्या तक्त्यांत आयुष्यभर लिहीत आलेला शब्द. काही नाही, कुणी नाही. शनिवारी पानं नानांकडे द्यायची होती. पाहते तर पहिले तीन दिवस एक सही, आणि नंतर एकदम निरंक. कुणीही विचारलं असतं — तीन दिवस येणारा माणूस चौथ्या दिवसापासून कुठे गेला? मग मी पहिली पानंही नवी आखली. तिन्ही दिवस निरंक. जुन्या पानांचे बारीक तुकडे केले आणि मोरीत पाणी सोडलं. एक तुकडा जाळीला अडकून राहिला. त्यावर नुसतं 'सु' होतं. मी पायाच्या अंगठ्यानं ढकलला.

आता पुढचं.

तो रोज येतच होता. मी खिडकीच्या पडद्याआडून बघायचे. उठून बघायचेच — का ते विचारू नका. साडेबाराला त्या हलत्या हवेतून तो यायचा, रिकाम्या खुर्चीसमोर सायकल उभी करायचा आणि घंटी वाजवायचा. दोनदा. मग थांबायचा. कुणाला तरी समोर बघितल्यासारखा टोपी काढून उभा राहायचा हो! रिकाम्या खुर्चीपुढे. भर उन्हात. मग वाकून टेबलावर काहीतरी करायचा आणि निघून जायचा. तीन वाजता मी खाली उतरले की टेबलावरच्या धुळीत दिसायचं — बोटानं ओढलेली एक रेघ. बाई नाहीत तर आपणच मारून ठेवू, असं त्याला वाटत असणार. बाई आल्या की वहीत उतरवून घेतील. शहाणं माणूस! मी ती रेघ पदरानं पुसायचे आणि खुर्चीत बसायचे. रोज. दोन-अडीच आठवडे.

मी एक दिवस खाली उतरले असते तर? पन्नास पावलं होती. मोजली आहेत मी.

शेवटच्या आठवड्यातला मंगळवार. त्या दिवशी त्यानं घंटी वाजवली, टोपी हातात घेऊन थांबला, आणि टेबलाकडे न वाकता मान वर केली. सरळ माझ्या खिडकीकडे. पडदा पुरता लागलेला नव्हता. त्यानं मला ओळखलं. रागावला असेल असं तुम्हाला वाटेल — नाही. त्याचा चेहरा उजळला. त्यानं हात वर केला. आलोय बरं का बाई, लिहा, असा. आणि मी — मी पटकन खाली बसले. पडद्याआड, जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन. लहान मूल लपतं तशी.

किती वेळ गेला माहीत नाही. तो वाट बघत असेल, मी जिना उतरून येईन म्हणून. मग सायकलीचं स्टँड उचलल्याचा आवाज आला. मग ट्रॅक्टरचा. पलीकडून ट्रॉली भरून येत होता. मग ब्रेक, आणि त्यानंतर कूलरची घरघर तेवढी राहिली.

मी खाली गेले ती गर्दी जमल्यावर. गर्दीत मागे उभी राहिले, जशा बाकीच्या बाया उभ्या होत्या. सायकल कठड्यावर लटकलेली होती. तो खाली, कोरड्या पात्रातल्या दगडांवर. मी त्याच्याकडे एकदाच बघितलं.

त्या दिवशी तीन वाजता मी वही उघडली आणि दुपारच्या रकान्यात लिहिलं — निरंक. होय. त्या दिवशीही. अक्षर माझं नेहमीचंच आहे, वळणदार.

मग ते वळणदार अक्षर कामाला लागलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, या वेळी इथून सायकल कधीच येत नाही, हा एकदम समोर आला. नानांनी माझी पानं दाखवली — बघा, महिनाभरात दुपारी एकही सायकल नाही. मग हा आजच का आला? तेही टोपी हातात घेऊन? मला येऊन कुणी फारसं विचारलंही नाही. कागद होता ना. गावानं दोन दिवसांत ठरवून टाकलं, की सुकलालनं जीव दिला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी टेबलापाशी गेले. धुळीत रेघ होती.

वारा म्हणा. कुणी टवाळानं ओढली म्हणा. मीही तसंच म्हटलं आणि पुसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा होती. चौथ्या दिवशी मात्र मी ठरवलं, आज हलायचं नाही. बाराला टेबल ओल्या फडक्यानं लख्ख पुसलं, कोरडं केलं, वही मधोमध ठेवली आणि समोर बसले. बारा ते तीन. पापणी मिटली नाही म्हटलं तरी चालेल. कुणी आलं नाही. टेम्पो गेले, धुरळा उडाला, बसला. साडेबाराला पुलावर हवा हलत होती तेवढी. मी रकान्यात निरंक लिहिलं, आणि तेवढं एक तरी खरं असायला हवं होतं, नाही का? तीन वाजता वही उचलली. वहीखाली, पुसलेल्या लाकडावर, धुळीची एक बारीक उभी रेघ. लाकडाची चीर असेल म्हणून बोट फिरवलं. पुसली गेली.

मी हे कशाचा पुरावा म्हणून सांगत नाही. मला भीती वाटली एवढं सांगते. नुसती भीती. पश्चात्ताप नव्हे — पश्चात्ताप झालेल्या माणसानं त्यानंतर जे केलं ते केलं नसतं.

कारण त्याच संध्याकाळी सुमन आली. त्याची बायको. काखेत पोरगी, मंगल, धाप लागलेली. आत ये म्हटलं तरी आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिला काही मागायचं नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती. अपघाताच्या दिवशी सकाळी त्या दोघांचं भांडण झालं होतं. कशावरून, तेही सांगितलं तिनं — पोरीच्या औषधावरून. ती रागात त्याला म्हणाली होती, "जा, परत तोंड दाखवू नका." आणि तो त्याच दुपारी, ज्या पुलानं कधी जात नसे त्या पुलावर गेला. ती माझ्याकडे बघत होती. डोळे कोरडे होते. म्हणाली, "बाई, तुम्ही तठे बसेल व्हतात ना? खरं सांगा. मंगलना बाप रोज याच पूलवरथून जाये, का त्याच दिवशी गया?"

समजलं ना तुम्हाला ती काय विचारत होती? रोज जात असेल, तर तो अपघात. त्याच दिवशी गेला असेल, तर तिच्या शब्दानं गेला.

जगात एकाच माणसाला उत्तर ठाऊक होतं. रोज जायचा गं बाई. रोज. माझ्या सांगण्यावरून जायचा. तुझ्या शब्दाचा काही संबंध नाही. एवढी तीन-चार वाक्यं. ती तिथल्या तिथे खाली बसून रडली असती, आणि मग उठून जगायला लागली असती.

मी म्हटलं, "मी तर दुपारी कुणाला पाहिलं नाही, सुमन. वहीतही नाही."

ती "बरं" म्हणाली. पोरीला या काखेतून त्या काखेत घेतलं आणि जिना उतरली.

महिना संपला. समितीनं ठरवलं, दुपारी सायकली नाहीतच, तेव्हा दुपार गाड्यांनाच राहू द्या. मग हळूहळू सकाळही गेली, संध्याकाळही गेली, पाटी पडली. धूर होता तसा राहिला. मला समितीनं नारळ आणि शाल दिली, चोख नोंदींबद्दल. शाल मी घेतली. थंडीत वापरलीही आहे.

सुमन आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. लांब नाही. भाजी आणायला जाता-येता तिचं दार दिसायचं. सकाळी मंगल शाळेला निघाली की सुमन दारात उभी असायची, पदराचा बोळा तोंडात घट्ट धरलेला. मला आधी वाटलं दात दुखत असतील. मग शेजारणीनं सांगितलं, घरातून कुणी बाहेर पडताना ती तोंडातून शब्द निघू देत नाही. चुकूनही नाही. पोरगी मोठी झाली, कॉलेजात गेली, लग्न होऊन नाशिकला निघाली — मांडवाच्या दारात पोरगी गळ्यात पडून रडतेय आणि आई पदर तोंडात धरून नुसती मान हलवतेय. एवढी वर्षं. आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी मी दोन गल्ल्या चालून जाऊ शकत होते. गुडघे तेव्हा चांगले होते माझे.

गेल्या महिन्यात सुमन गेली. तेराव्याला मी गेले. मंगलनं मला ओळखलं नाही, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, "तुम्ही आईला कशा ओळखायच्या?"

"भाजी घेताना भेट व्हायची," मी म्हटलं.

ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, आई शेवटच्या दिवसापर्यंत एकच बोलत होती, माझ्या तोंडानं गेला तुझा बाप. तिला काही करून समजावता आलं नाही. कुणी पाहणारं असतं तर, म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मग पंगत बसली. मंगलनं स्वतः वाढलं, आग्रह केला. मी पोटभर जेवले.